तेल-वायूच्या शोधविहिरीच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

तासगावच्या मळ्यात आमच्या मामांनी आजवर सात बोअर मारल्या, त्यातल्या चार फेल. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडिया या सरकारी कंपनीला वायू सापडल्याची बातमी झळकली, तेव्हा त्यांचा लगेच फोन. "ऑइल इंडियाचे शेअर घ्यायचे का रे?"

बातमीत आकडे भरपूर होते. समुद्राची खोली २९५ मीटर, विहिरीचं लक्ष्य २,६५० मीटर, चाचणी २,२१२ ते २,२५० मीटरच्या पट्ट्यात, नमुन्यात ८७ टक्के मिथेन आणि मधूनमधून पेटलेली ज्योत. मामा ८७ वर अडकले. मी म्हटलं, "मामा, ८७ टक्के म्हणजे वायू कशाचा आहे ते कळलं. किती आहे ते कुठं कळलं? पाणी गोड लागलं म्हणून तीन इंची धार पडते का?" त्या बातमीतला कामाचा शब्द 'मधूनमधून' हा होता. साठा केवढा आणि परवडणारा आहे का, हे पुढं तपासायचं होतं, आणि तसं सांगितलंही होतं.

चाचणीच्या आकड्यावरच बहुतेक जण फसतात. बोअरची गाडी उभी असते, कॉम्प्रेसरच्या हवेनं पाणी झाडाएवढं उडतं, कोणीतरी "अडीच इंची!" म्हणतं आणि पेढे येतात. चार दिवसांनी मोटर सोडली की अर्ध्या तासात ती हवा ओढते. तेलविहिरीचंही असंच. 'दिवसाला अमुक बॅरल' हा आकडा कित्येकदा काही तासांच्या प्रवाहावरून दिवसाचा काढलेला असतो. (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.) म्हणून बाजूला तीन गोष्टी शोधा: प्रवाह किती तास चालला, चोक केवढा होता आणि सोबत पाणी किती आलं. चोक म्हणजे प्रवाह आवळणारं भोक, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ३२/६४ म्हणजे अर्धा इंच. मोठ्या चोकवर मोठा आकडा दाखवणं सोपं. दाब टिकला का, हे लिहिलं नसेल तर आकडा बाजूला ठेवा.

त्याआधीची चूक म्हणजे 'शो', म्हणजे खोदताना दिसणाऱ्या तेल-वायूच्या खुणा, मिळाले की तेल लागलं समजणं. खोदताना विहिरीत जड चिखल, म्हणजे मड, फिरवतात. त्याच्यासोबत खडकाचा चुरा वर येतो. मडमधला वायू मोजतात, चुरा अतिनील दिव्याखाली धरतात, तेलाचा अंश असेल तर चमकतो. पण मड जड ठेवलं तर वायू खालीच दाबला जातो आणि चांगला थरही गप्प वाटतो. उलट नवा पाईप जोडायला पंप थांबवला की तेवढ्यापुरता वायू शिरतो आणि आकडा उसळतो. घट्ट खडक चमकतो, पण वाहत नाही. आपल्याकडं गाडीवाला "ओल आलीय, अजून शंभर फूट जाऊ" म्हणतो ना, ती ही ओल. बिल फुटावर असतं हे मामांना चौथ्या बोअरला कळलं!

खोलीचा आकडा आठ दिवस हलला नाही म्हणून घाबरू नका. केसिंग, म्हणजे भोकाला आतून लावायचा लोखंडी पाईप, उतरवणं, त्यामागचं सिमेंट धरायची वाट बघणं, उपकरणं सोडून थर मोजणं, यात खोली वाढत नाही. साधी बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, बदलायची तरी २,५०० मीटरवरून सगळे पाईप उपसावे लागतात, तीन पाईपांची जोड म्हणजे सुमारे २७ मीटर, अशा नव्वदेक जोडी वर आणि परत तेवढ्याच खाली. 'साइडट्रॅक' शब्द आला तर मात्र थांबून वाचा. ठरवून केलेला नसेल तर जुनं भोक हातचं गेलं, वरून वळसा घालणं चाललंय. विहीर तिरकी असेल तर लांबी आणि सरळ खोली हे वेगळे आकडे असतात, तेही बघा.

मोजणी झाल्यावर कंपनीनं तळापर्यंत केसिंग उतरवली तर ती पुढं पैसे घालायला तयार आहे एवढं कळतं. 'तात्पुरती बंद' म्हणजे फेल असं नाही. सिमेंटचे बूच मारून कायमची सोडली, तर बहुतेक कोरडी.

आणि सापडलं तरी लगेच पैसा नाही. मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं, उत्पादन १९७६ ला सुरू. राजस्थानातलं मंगला क्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडलं, तेल निघायला ऑगस्ट २००९ उजाडला.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "ते जाऊ दे. पाटणकडं गोठण्याला सरकारनं तीन किलोमीटर बोअर मारली होती, तिथं काय लागलं?" ती २०१७ च्या सुमाराची, कोयनेचे भूकंप अभ्यासायला मारलेली. वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. तेलाला लागतो तो गाळाचा थर, तो मधे नव्हताच.