कुत्र्यासह ब्रिटनमधील ऐतिहासिक इस्टेट पाहताना

ब्रिटनमधील जुन्या उमराव घराण्यांच्या इस्टेटी पाहायला कुत्र्याला घेऊन जायचे असेल, तर ‘कुत्र्यांना प्रवेश आहे’ या पाटीवर विसंबून तिकीट काढू नये. हवेली, तिच्याभोवतीची आखीव बाग आणि पलीकडचे विस्तीर्ण पार्क या तिन्हींचे नियम निरनिराळे असतात. हवेलीत बहुधा केवळ सहाय्यक कुत्र्यांनाच, म्हणजे अंध वा अपंग व्यक्तींना मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांनाच, सोडतात. बागेचा नियम जागेगणिक बदलतो, आणि डर्बीशरमधील चॅट्सवर्थ या हवेलीसारख्या ठिकाणी आखूड लीश (गळपट्ट्याची दोरी) लावून कुत्र्याला बागेतही नेता येते. पार्कात सहसा हरकत नसते. ऐतिहासिक वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या, १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने आपल्या स्थळांना पंजाच्या ठशांची श्रेणी दिली आहे. तीन ठसे असलेल्या ठिकाणी कुत्र्याची सर्वांत चांगली सोय असते.

हवेली आतून पाहायची असेल, तर दोघांनी जावे आणि पाळीपाळीने आत शिरावे. एकट्याने जाणाऱ्याने त्या दिवसापुरता दिवाणखान्यांचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण कुत्र्याला गाडीत ठेवणे हा पर्यायच नव्हे. बाहेर २२ अंश सेल्सिअस इतके सुखद हवामान असले, तरी बंद गाडीतील तापमान तासाभरात ४७ अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

पार्क दिसायला निवांत असले, तरी पुष्कळदा ते मेंढ्या, गाई आणि हरणांचे चराऊ रान असते. इंग्लंडमध्ये ‘ओपन ॲक्सेस’ म्हणून खुल्या असलेल्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोन मीटरपर्यंतचीच लीश वापरण्याचे कायदेशीर बंधन आहे. इस्टेटीच्या पार्काला हा नियम लागू असो वा नसो, गुरे दिसली की तेच माप पाळावे. लांबत जाणारी लीश अशा वेळी कुचकामी ठरते. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्यावर विशिष्ट परिस्थितीत गोळी झाडण्याची मुभाही शेतकऱ्याला कायदा देतो. लीश हातात धरून ठेवण्याला अपवाद एकच: वासरे असलेल्या गाई अंगावर धावून आल्या, तर लीश सोडून द्यावी. त्यांचा रोख कुत्र्यावर असतो, तो सहज निसटतो आणि माणसाचा जीव वाचतो.

अठराव्या शतकातील बागांमध्ये ‘हा-हा’ नावाची एक फसवी रचना आढळते. हवेलीच्या बाजूने पाहिले, तर हिरवळ थेट दूरच्या मेंढ्यांपर्यंत अखंड पसरलेली दिसते; प्रत्यक्षात मधे खंदक असतो आणि हवेलीकडच्या काठाची भिंत सरळ खाली उतरते. गुरे बागेत येऊ नयेत, पण कुंपणही नजरेस पडू नये, यासाठी केलेली ही युक्ती. चेंडूमागे धावणाऱ्या कुत्र्याला तो काठ शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून हिरवळीवर चेंडू काढूच नये.

बागेतल्या कातरलेल्या गर्द हिरव्या कुंपणांना कुत्र्याचे तोंड लागू देऊ नये. ती बहुधा यू या झाडाची असतात आणि त्याची पाने व बिया अत्यंत विषारी असतात. उन्हाळ्यात तलावाच्या काठाशी पाण्यावर हिरवट-निळा तवंग दिसला, तर कुत्र्याला पोहू देऊ नये आणि ते पाणी पिऊही देऊ नये. नील-हरित शैवालाच्या विषाने कुत्री दगावतात. त्यासाठी घरचे पाणी आणि वाटी सोबत असावी. विष्ठेच्या पिशव्या थोड्या जास्तच घ्याव्यात, आणि भरलेली पिशवी झाडाला टांगून पुढे जाऊ नये, हे दुर्दैवाने सांगावे लागते.

पहिल्या सहलीसाठी नॉटिंगहॅमशरमधील क्लंबर पार्क उत्तम. तिथली हवेली १९३८ मध्ये पाडली गेल्याने आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि क्लंबर स्पॅनियल या जातीला नावही याच इस्टेटीवरून मिळाले. त्याच परगण्यातील न्यूस्टेड ॲबीत कवी बायरनने आपल्या बोट्सवेन या कुत्र्यासाठी बांधलेले स्मारक आहे.

परतताना कुत्र्याला गाडीत बसवण्यापूर्वी त्याचे कान, काखा आणि बोटांमधील जागा चाचपून पाहावी. हरणांच्या रानातील उंच गवतातून गोचीड हमखास चिकटते, आणि ते गोचीड काढण्याच्या खास आकड्याने फिरवून काढावे, चिरडू नये.