देणगीतल्या डिस्क कपाटात पडू नयेत म्हणून: नाशिकच्या शाळांसाठी डिस्क गोल्फ

डिस्क गोल्फमध्ये काठी आणि चेंडूच्या जागी प्लास्टिकची डिस्क असते, आणि खड्ड्याच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी बास्केट. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत बास्केट गाठायची. साखळीची बास्केट एड हेड्रिक यांनी १९७५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार केली. त्याआधी लोक झाडं, खांब नाहीतर कचऱ्याचे डबे नेमून खेळत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातल्या शाळांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं, कारण सुरुवातीला बास्केट नसली तरी चालतं. डिस्क मात्र योग्यच लागते, आणि देणगीचं गणित बहुतेक वेळा तिथेच बिघडतं.

काय मागायचं

नुसतं ‘जुन्या डिस्क द्या’ म्हटलं तर ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायच्या डिस्क, गोळा होतात: पातळ धारेच्या, १७० ग्रॅमच्या पुढच्या. खेळणाऱ्यांकडे नको झालेल्या याच जास्त असतात. ड्रायव्हरला उडायला जो वेग लागतो तो दहा वर्षांच्या मुलाच्या हातून निघत नाही. डिस्क दहा-पंधरा मीटरवर वळून आपटते आणि मुलाला वाटतं, आपल्याला जमत नाही. शिवाय ती कडक धार कुणाला लागली तर चांगलीच जखम होते.

बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा: २-३ म्हणजे पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची), ४-५ म्हणजे मिडरेंज (मधल्या अंतराची), ९ च्या पुढे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर. मुलांसाठी पहिला आकडा ५ च्या वर नको आणि वजन १२० ते १५० ग्रॅम हवं. शेवटचा आकडा, म्हणजे वेग संपताना डिस्क किती वळते तो, ० किंवा १ असावा. २४ मुलांच्या तुकडीला २४ पटर, ६ मिडरेंज आणि हरवण्याच्या हिशोबाने आणखी ६, अशा ३६ डिस्क पुरतात. एका मुलाला एक डिस्क. जास्त दिल्या तर मुलं फेकतात कमी आणि बदलतात जास्त. रंग गुलाबी, निळा, पांढरा घ्या. हिरवी डिस्क पावसाळी गवतात सापडत नाही आणि तपकिरी-पिवळी उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात.

देणगीदाराला पाठवायचा मजकूर असा सरळ असू द्या: ‘वेग ५ पर्यंतच्या, १५० ग्रॅमपर्यंतच्या डिस्क हव्यात. तडा गेलेल्या किंवा काठ फाटलेल्या नकोत. ड्रायव्हर असतील तर कृपया त्याऐवजी एका पटरची किंमत द्यावी.’

परदेशातला भाचा किंवा मित्र खोका पाठवतो म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. भेट म्हणून आलेल्या मालावर पूर्ण कस्टम ड्युटी भरावी लागते. २०१९ च्या डिसेंबरपासून यात राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता सूट उरलेली नाही. दुसरं, संस्थेला परदेशी देणगीदाराकडून मिळालेली वस्तू ही पैशासारखीच परकीय योगदान धरली जाते, म्हणजे परकीय योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. लहान ट्रस्टकडे ती बहुधा नसते. इथल्याच लोकांकडून वर्गणी काढून देशात डिस्क विकत घेणं आमच्या मते कधीही सोपं. ८०जी ची आयकर सवलत पैशाच्या देणगीवरच मिळते, वस्तूवर नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगा. २,००० रुपयांच्या वर रोख दिली तरी ती मिळत नाही.

बास्केट सातपूर-अंबडमध्ये बनते

तयार बास्केट जड असते आणि वाहतुकीतच पैसे जातात. सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला नीट माप दिलं तर ती करून देईल. खांबाला दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप घ्या. प्रत्येक खांब १८० सेंमीचा: १४० जमिनीवर, ४० आत. सहा मीटरच्या एका पाईपात तीन खांब बसतात. टोपलीचा व्यास सुमारे ६५ सेंमी, खोली २० सेंमी, आणि वरचा काठ जमिनीपासून ८२ सेंमीवर. वरची साखळी-रिंग ५५ सेंमी व्यासाची, जमिनीपासून १३० सेंमीवर. तिच्या आत ३० सेंमीची दुसरी रिंग.

बाहेरच्या रिंगला ६५ सेंमीच्या १२ साखळ्या आणि आतल्या रिंगला ६० सेंमीच्या ६. कापताना वाया जाणारी धरून १२ मीटर साखळी लागते. ४ मिमी कडीची जीआय साखळी घ्या. ती वजनावर मिळते, म्हणून भाव आधी विचारा. सगळ्या साखळ्यांची खालची टोकं खांबाभोवती सैल फिरणाऱ्या एका छोट्या कड्यात अडकवायची. हे कडं वेल्डरकडून खांबाला जोडून घेऊ नका. सगळी मेख इथे आहे. साखळी ताठ झाली की डिस्क तिच्यावर आपटून परत येते. फारच सैल असली तर डिस्क मधून आरपार जाते. हाताने ढकलल्यावर साखळी आत दबली पाहिजे आणि डिस्कचा वेग मारून तिला टोपलीत पाडलं पाहिजे. ताब्यात घेण्याआधी वर्कशॉपमध्येच पाच मीटरवरून वीसेक डिस्क टाकून बघा. सुटत असतील तर साखळी एक-दोन कड्यांनी कमी-जास्त करायला तिथे पाच मिनिटं लागतात, शाळेत पोचल्यावर अख्खा दिवस जातो.

खांब थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. ४५ सेंमी लांबीचा दोन इंची पाईप स्लीव्ह म्हणून गाडा, त्याखाली खडी टाका आणि पाईपचं खालचं तोंड उघडं ठेवा, म्हणजे पाणी झिरपून जातं. दीड इंची खांब त्यात बसतो आणि सुट्टीत काढून खोलीत ठेवता येतो. इगतपुरी-पेठच्या पावसात हे न केल्यास वेल्डिंगचे सांधे दुसऱ्या वर्षीच गंजतात. सांध्यांवर रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. खांबाच्या वरच्या तोंडाला टोपण.

होल म्हणजे फेकीच्या जागेपासून बास्केट किंवा निशाणापर्यंतचा एक टप्पा. सहा होलसाठी दोन बास्केट आणि चार पर्यायी निशाणं पुरतात. निशाण म्हणून द्राक्षाचा किंवा टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट बांबूला ८० सेंमी उंचीवर आडवा बांधा, उघडी बाजू समोर करून. जुना टायर झाडाला टांगूनही भागतं.

मैदान

मुलांना २५ ते ४० मीटरचं होल योग्य. एका एकरात सहा होल बसतात, मात्र एकाची रेषा दुसऱ्याला छेदता कामा नये. फेकीची जागा फक्कीने आखा. रस्ता, वर्गाच्या खिडक्या आणि बिनकठड्याची विहीर यांच्या दिशेने एकही फेक नको. बाजूला द्राक्षबाग असेल तर होलची दिशा उलटी करा. डिस्कने घड तुटतात आणि शेजारी एकदा बिघडला की खेळ बंद पडतो. पावसाळ्यात गवतातली डिस्क आधी काठीने गवत हलवून मगच उचलायची, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. सापांचा धोका खरा आहे.

फेक शिकवणं

पहिले दोन तास बास्केटकडे फिरकू नका. सगळी मुलं एका ओळीत, एकमेकांत पाच मीटर, तोंड एकाच दिशेला. डावखुरे ओळीच्या एका टोकाला. शिट्टीवर फेक आणि सगळ्यांची फेकून झाल्यावर दुसऱ्या शिट्टीवरच वेचायला जायचं. डोक्याला लागणारी डिस्क बहुतेक वेळा कुणीतरी मधेच वेचायला धावल्यामुळे लागते.

उजव्या हाताच्या मुलाने उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभं राहायचं. अंगठा वर, चार बोटं खाली काठाला. डिस्क छातीसमोरून सरळ रेषेत ओढायची आणि शेवटी ओला कपडा झटकतो तसा मनगटाचा झटका द्यायचा. डिस्क थरथरत गेली तर तिला फिरकी मिळालेली नाही. जोर कमी करून झटक्यावर लक्ष द्या. वर चढून डावीकडे पडली तर पुढचा काठ वर आहे, मनगट खाली करा. उजवीकडे गेली तर हातातून उशिरा सुटली, म्हणजे हात सरळ न येता गोल फिरतोय. समोरचा वारा डिस्कला उचलतो, मागचा खाली दाबतो; येवल्याकडच्या पतंगवाल्या पोरांना हे सांगावंही लागत नाही.

नियम सुरुवातीला मोजकेच द्या: सर्वांत लांब असलेला आधी फेकेल, हद्दीबाहेर गेल्यास एक फेक वाढेल, बास्केटपासून दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पाय पुढे टाकायचा नाही. प्रत्येक होल तीन फेकींचं धरा. त्याहून अधिक-उणेची बेरीज मुलांनीच करायची. पाचवीच्या वर्गाला तेवढा गणिताचा सराव होतो.

शाळेच्या कागदांवर

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीशी आधी बोला; शासकीय आश्रमशाळेसाठी नाशिक किंवा कळवण प्रकल्प कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. सोबत एका क्रीडाशिक्षकाला किंवा आवड असलेल्या शिक्षकाला दोन दिवस शिकवायचा कार्यक्रम ठेवा. शिक्षक नसेल तर तिथे डिस्क देऊच नका.

डिस्क डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, चढली की हरवल्याचा जाब शिक्षकाला द्यावा लागतो. मग ती कुलपात जाते आणि पाहुणे आल्यावरच बाहेर निघते. मुख्याध्यापकांशी बोलून बास्केट डेडस्टॉकला आणि डिस्क खपणाऱ्या साहित्यात लिहून घ्या. देणगीपत्रातच एक ओळ टाका: ‘डिस्क वापरात हरवतील किंवा तुटतील, त्याबद्दल शाळेकडून भरपाई अपेक्षित नाही.’ प्रत्येक डिस्कवर मार्करने शाळेचं नाव आणि क्रमांक लिहा, तासाअखेरी मोजा. साठवताना आडव्या, एकावर एक ठेवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात उभ्या टेकवलेल्या डिस्क वाकतात आणि मग कितीही नीट फेकल्या तरी भरकटतात. किंचित वाकलेली डिस्क कोमट पाण्यात मऊ करून सपाट फरशीवर वजनाखाली ठेवली तर बरीच सुधारते. तडा गेलेली मात्र बाद करा, धार हाताला कापते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मोजणी करून कमी पडलेल्या तेवढ्याच मागा.