लो-जीआय आणि लो-कार्ब : गोव्याच्या ताटात होणाऱ्या या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात फोंड्याला आमच्या घरी मावशी राहायला आली होती. तिला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत. दुपारच्या जेवणात तिने भाताला हात लावला नाही, कारण तिच्या मुलाने तिला 'लो-कार्ब' सांगितले होते. भाताऐवजी तिने एक पोई, म्हणजे गोव्याचा गोल पाव, घेतली, कारण पोई कोंड्याची असते. जेवण झाल्यावर दोन मानकुराद कापून घेतले, कारण आंब्याचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी असतो असे शेजारीण म्हणाली होती. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी आम्ही साखर तपासली, तर यंत्रावर २४८ आकडा आला. "बाय, मी तर सगळे सांगितल्याप्रमाणेच केले होते," असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे अगदी खरे होते. मुलाचा आणि शेजारणीचा, दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. फक्त ते दोन वेगवेगळ्या पद्धतींचे होते आणि एकाच ताटात एकत्र आले होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. त्यामुळे हा विषय आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घराचा आहे, आणि हीच चूक मी अनेक घरांत पाहते.

दोन मोजपट्ट्या एकच समजणे

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ही कल्पना टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. ज्या पदार्थातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळतील तेवढा पदार्थ माणसांना खायला देऊन पुढील दोन तासांत रक्तातील साखर किती चढते ते मोजायचे, आणि शुद्ध ग्लुकोजचा परिणाम १०० धरून त्याच्याशी तुलना करायची, अशी ती पद्धत आहे. ५५ पर्यंतचा आकडा कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे जास्त मानतात. ही मोजपट्टी कर्बोदकांचा स्वभाव सांगते. आपण ती किती खाल्ली हे सांगत नाही.

लो-कार्ब पद्धत नेमके तेच, म्हणजे प्रमाण, पाहते. दिवसभरात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली की साधारणपणे त्याला लो-कार्ब म्हणतात. कीटो आहारात ती २० ते ५० ग्रॅमवर आणतात. कर्बोदके कुठल्या पदार्थातून आली, हा तिथे दुय्यम प्रश्न आहे.

मावशीच्या आंब्याकडे या दोन्ही बाजूंनी पाहू. आंब्याचा सरासरी जीआय ५१, म्हणजे कमी वर्गातला. परंतु दोन मध्यम मानकुरादांचा गर ३०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके असतात. जीआय पाळणारा माणूस जेवणातली इतर कर्बोदके कमी करून एक आंबा निश्चिंतपणे खाऊ शकतो. कीटो पाळणाऱ्याचा दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा या दोन आंब्यांतच संपतो. दोन्ही पद्धतींच्या सवलती घ्यायच्या आणि बंधन मात्र कुणाचेच पाळायचे नाही, असे नकळत होऊन जाते आणि साखर तिथेच चढते.

उकड्या तांदळावर आंधळा विश्वास

'उकडो खाल्ला की साखर वाढत नाही' हे वाक्य आपल्याकडे इतक्या खात्रीने बोलले जाते की त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. शेतातले भात सालासकट उकडून वाळवल्याने त्यातील स्टार्चची रचना बदलते आणि अशा तांदळाचा जीआय बहुतेक वेळा सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळापेक्षा कमी भरतो, हे खरे आहे. पण जात, शिजवण्याची वेळ आणि सडण्याचे प्रमाण यांनुसार हा आकडा बराच हलतो. त्यातून आपण उकड्याची पेज करतो, शिते बोटाने चेपली तर विरघळावीत इतकी शिजवतो. स्टार्च जितका फुगतो आणि मऊ होतो, तितका तो लवकर पचतो, आणि साखरही तितकीच लवकर चढते.

त्याहून मोठा प्रश्न प्रमाणाचा आहे. मी एकदा आमच्या घरातले नेहमीचे वाढणे वजनकाट्यावर ठेवले. हुमणाबरोबर, म्हणजे मासळीच्या कालवणाबरोबर, सहज घेतलेले तीन डाव शीत, म्हणजे शिजलेला भात, ३०० ग्रॅम भरले. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके धरली, तर ती झाली ८४ ग्रॅम. आता ग्लायसेमिक लोड काढू: जीआय गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले १००. तांदळाचा जीआय ५५ इतका चांगला धरला तरी लोड येतो ४६. याउलट ७३ जीआयचा पांढरा भात १०० ग्रॅमच घेतला तर लोड येतो २०. एका जेवणात २० हाच आकडा जास्त समजला जातो. म्हणजे 'वाईट' तांदळाचा एक डाव 'चांगल्या' तांदळाच्या तीन डावांपेक्षा निम्म्याहून हलका पडतो. तांदूळ बदलण्याआधी डाव मोजा, असे मी प्रत्येकाला सांगते.

रंग आणि नाव पाहून पदार्थ निवडणे

पोई तपकिरी दिसते, वर कोंडा असतो, म्हणून ती पथ्याची असे आपण धरून चालतो. अनेक ठिकाणी आज आत मैदाच असतो आणि कोंडा फक्त बाहेरून लावलेला असतो. शिवाय पीठ बारीक दळलेले असेल तर गव्हाचा पूर्ण दाणाही फारसा वाचवत नाही: जीआयच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या पावाची सरासरी ७५ आणि संपूर्ण गव्हाच्या पावाची ७४ आहे. त्याच तक्त्यात चपातीची सरासरी ५२ आहे. भरड धान्याची लापशी ६७ वर आहे, त्यामुळे नाचणीचे आंबील आहे म्हणजे जीआय कमीच असणार, असे समजू नये. माडाच्या गुळाबाबतही तेच. तो साखरच आहे.

उलट बाजूने, जीआय कमी आहे म्हणून पदार्थ चांगला ठरतो असेही नाही. आइस्क्रीमचा जीआय उकडलेल्या बटाट्याहून कमी येतो, कारण त्यातील स्निग्धांशामुळे पचन मंदावते.

लो-कार्बच्या नावाखाली कडधान्ये सोडून देणे

दोन पद्धती खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या इथे. अळसांदे, मुगागाठी, कुळथाची पिठी, चण्याचे तोंडाक हे लो-जीआय आहाराचे मुख्य बळ आहे. चण्याचा जीआय २८, मसुरीसारख्या डाळींचा ३२ च्या आसपास. कडक कीटोमध्ये मात्र यांना जागा नसते. हरकत त्याला नाही. हरकत आहे ती अर्ध्यावर राहण्याला. भात सोडला, कडधान्येही सोडली, पोटाची भूक मात्र राहिली. मग संध्याकाळी मूठभर काजू, रव्यात घोळवलेल्या सुंगटांची (कोळंबीची) दुसरी फेरी आणि शेवटी 'थोडीशीच' नेवरी (करंजी). कर्बोदके काढली तर त्यांच्या जागी पुरेशी प्रथिने आणि भाज्या आल्या पाहिजेत.

इथे आपल्या घरांची आणखी एक अडचण आहे. मासळी असताना लो-कार्ब सोपे जाते: बांगडे, तारले, तिसऱ्यो, सोबत तांबड्या भाजीचा मोठा वाटा. पण सोमवार, गुरुवार आणि सबंध श्रावण शिवराक, म्हणजे शाकाहारी, असला की ताटात खतखते येते, ज्यात सुरण, माडी, कणगां हे कंद, कच्ची केळी आणि मक्याचे कणीस असते. अशा दिवसांत लो-कार्ब रेटण्यापेक्षा कडधान्यांवर आधारलेली लो-जीआय पद्धत वर्षभर पाळणे कित्येकांना जमते. माझे स्वतःचे मत त्याच बाजूला आहे.

परिणामाची घाईने तुलना करणे

२००८ साली अमेरिकेत या दोन पद्धतींची टाइप २ मधुमेहात थेट तुलना झाली. ८४ जणांपैकी काहींना दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके आणि बाकीच्यांना उष्मांक कमी केलेला लो-जीआय आहार दिला. २४ आठवड्यांनी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, पहिल्या गटात १.५ टक्के-अंकांनी आणि दुसऱ्यात ०.५ टक्के-अंकांनी उतरली. वजन अनुक्रमे ११.१ आणि ६.९ किलो घटले. कीटोचे समर्थक हे आकडे आवर्जून सांगतात. अभ्यास शेवटपर्यंत मात्र फक्त ४९ जणांनी पूर्ण केला. पुढच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित पाहणीतही पहिल्या सहा महिन्यांत लो-कार्बची आघाडी दिसते आणि वर्षभरात ती ओसरत जाते. म्हणून पहिल्या महिन्यातल्या वजनावरून निकाल लावू नये. सुरुवातीला उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा बराच असतो.

गोळ्या तशाच ठेवून भात बंद करणे

सर्वांत धोक्याची चूक हीच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम तोडली तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे आहेत. त्यात उपाशीपोटी फेणी घेतली तर धोका वाढतो, कारण मद्य यकृताला साखर सोडू देत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांबरोबर कीटो केल्यास रक्तात आम्ल साचण्याची गंभीर अवस्था येऊ शकते, आणि तेव्हा यंत्रावरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे ती ओळखू येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालय गाठावे. लो-कार्ब सुरू करण्याच्या आधी, नंतर नव्हे, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. लो-जीआयमध्ये हा धोका कमी असतो, पण तिथेही डॉक्टरांना सांगणे योग्य.

तक्ता पाहणे, पण स्वतःला न तपासणे

तक्त्यातला आकडा म्हणजे दहाएक माणसांची सरासरी असते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने २०१५ साली ८०० लोकांवर केलेल्या अभ्यासात एकाच पदार्थाने वेगवेगळ्या माणसांची साखर फार वेगळी चढलेली दिसली. म्हणून बिघाड शोधायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही मावशीसाठी तसेच केले. तेच बांगड्याचे हुमण, तीच भाजी, तीच वेळ. एके दिवशी दीड डाव उकडे शीत, दुसऱ्या दिवशी पोई, तिसऱ्या दिवशी तेवढेच शीत पण आधी भाजी आणि मासळी संपवून. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर मोजायची आणि वहीत लिहायची. १८० च्या आत राहावी हे सर्वसाधारण लक्ष्य. तिची पोई २२१ वर गेली, दीड डाव शीत १८९ वर, आणि शेवटी घेतलेले तेच शीत १६७ वर. आता ती दीड डाव शीत शेवटी घेते, आणि मानकुराद असेल त्या दिवशी शीत अर्धा डाव आणि आंबा एकच.