कोल्हापूर ते मुंबई विमानाने: वेळेचा हिशोब करताना या चुका टाळा

"तीनशे किलोमीटर म्हणजे काय, चहा येईपर्यंत मुंबई!" असं म्हणत आमच्या काकांनी अंधेरीतल्या कामाची वेळ नको तितकी जवळची ठरवून टाकली. हिशोब घरीच मांडलेला: हवाई अंतर साधारण 308 किलोमीटर, एटीआर या पंख्याच्या छोट्या विमानाचा वेग ताशी 500, म्हणजे 37 मिनिटं. सदतिसाव्या मिनिटाला काका हवेतच होते. खाली खाडी दिसत होती, मग तीच खाडी दुसऱ्या खिडकीतून दिसली.

सगळ्यात मोठी चूक या भागाकाराची. ताशी 500 हा वेग विमान वर जाऊन स्थिरावल्यावरचा. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो आणि एवढ्याशा प्रवासात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ खर्ची पडतो. त्यात तिकिटावरची वेळ धरतात ती उजळाईवाडीत, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. दक्षिणेकडून आलेल्याला वळसा घालून रांगेत लागणं आलंच, आणि गर्दी असली की घिरट्या. उतरल्यावर पार्किंगपर्यंतची रांगत जाणारी वाट वेगळीच. कंपन्या हे सगळं धरूनच तासाभराच्या आसपास वेळ देतात. तेव्हा भागाकार सोडा, वेळापत्रक बघा.

दुसरा घोळ अंतराचा. विमानाचे 308, रस्त्याने पावणेचारशेच्या घरात आणि रेल्वेने मिरज-सातारा-पुण्यावरून पाचशेच्या वर. तिन्ही आकडे बरोबर, फक्त एकाच्या जागी दुसरा वापरायचा नाही. काही ठिकाणी हेच अंतर 166 असं दिसतं. ते नॉटिकल मैल, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. नेहमीचा मैल समजून 1.6 ने गुणलंत तर चाळीसेक किलोमीटर हवेत विरून जातात.

अंतर सांगणाऱ्या वेबसाइटवर तर कुठलेही दोन विमानतळ टाका, उड्डाणाची वेळ मिळतेच. कोल्हापूर आणि नाशिकचं ओझर टाकलं तरी मिळते. मधलं अंतर 384 किलोमीटरच्या आसपास, उत्तर येतं तासाभराचं. पण तो नुसता गणिताचा तास. थेट विमान आहे की नाही, हे ती वेबसाइट बघतच नाही. नसेल तर तिसऱ्या शहरात उतरून विमान बदलायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. मग त्यापेक्षा गाडी बरी.

गावाच्या नावावर जाऊ नका. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, एक वास्कोजवळ, दुसरा पेडण्यात. मुंबईचंही आता तसंच. नवी मुंबईच्या विमानतळाचं तिकीट काढून अंधेरीला वेळ देऊ नका. शिर्डीचा विमानतळही शिर्डीत नाही, काकडी गावात आहे.

काका आता उलटीकडून मोजतात. बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे घरून निघायचं त्याच्याही तासभर आधी. हवेतला तास, बॅग येईपर्यंत वीस मिनिटं, अंधेरीपर्यंतचं ट्रॅफिक. एकूण बेरीज चार तासांच्या आसपास जाते, आणि अंधेरीच्या माणसाला ते वर आणखी अर्धा तास वाढवूनच सांगतात.