गृहकर्जातली व्याजदराची जोखीम कोणाच्या डोक्यावर? मंजुरीपत्र काढा आणि तपासा

अमेरिकेत घर घेणाऱ्याला तीस वर्षं एकच व्याजदर सर्रास मिळतो, वाकड-रावेतला फ्लॅट घेणाऱ्याला मिळत नाही. तिकडची बँक कर्ज देते आणि पुष्कळदा ते फॅनी मे (१९३८) किंवा फ्रेडी मॅक (१९७०) या सरकारच्या पुढाकारानं निघालेल्या संस्थांना विकून मोकळी होते. या संस्था अशा कर्जांची मोट बांधून, परतफेडीची हमी घालून, त्यांचे रोखे जगभर विकतात. उद्या दर चढले तर झळ रोखेधारकाला लागते, कर्जदाराचा हप्ता जागचा हलत नाही. आपली नॅशनल हाउसिंग बँक (१९८८) मुख्यतः कर्ज देणाऱ्या संस्थांना पुनर्वित्त, म्हणजे कर्जवाटपासाठी पैसे, पुरवते. दराची जोखीम ती उचलत नाही, आणि आपली बहुतेक गृहकर्जं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, असतात. म्हणजे ओझं तुमच्याकडे. ते किती, हे मंजुरीपत्र, कर्जखात्याचा ताजा उतारा आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर तासाभरात कळतं.

आधी मंजुरीपत्रात दर कशाला जोडलाय ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराला, बहुधा रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्याला), जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. त्याआधीचं कर्ज एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेनं स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या जुन्या दरांवर पडून असू शकतं. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर ‘पीएलआर’ (प्राइम लेंडिंग रेट, कर्जाचा मूळ दर) दिसेल, तो ती कंपनी स्वतः ठरवते. हा भेद किरकोळ समजू नका. अमेरिकेतल्या आर्थिक संकटानंतर ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो ९ टक्क्यांवरून ४.७५ वर आणला, पण पीएलआरवरच्या जुन्या कर्जदारांच्या हप्त्यात त्याचं प्रतिबिंब फारसं पडलं नाही.

आता मुख्य हिशोब. शिल्लक मुद्दल गुणिले वार्षिक दर, भागिले १२००. हे झालं या महिन्याचं व्याज. हप्त्यातून ते वजा करा. उरेल तेवढंच मुद्दल फिटतंय.

समजा, ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ६.५ टक्के. हप्ता ३७,२७९ रुपये. वर्षभरानं शिल्लक सुमारे ४८.७४ लाख. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ झाला, तशी अडीच टक्क्यांची वाढ इथे एकदम धरा. दर ९ टक्के, महिन्याचं व्याज ३६,५५५. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम ७२४ रुपये जातात आणि उरलेली १९ वर्षं ताणून जवळजवळ ४४ होतात! मुदत १९ वर्षंच ठेवायची तर हप्ता साधारण ४४,७०० हवा. गोची अशी की हप्ता तोच राहिल्यामुळे खातेदाराला काही बदललंय हेच कळत नाही. म्हणून उताऱ्यातला ‘उर्वरित मुदत’ हा रकाना दर तिमाहीला बघायचा.

मुदत फुगली असेल तर बँकेला लेखी कळवा. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवणं, मुदत वाढवणं किंवा दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. मुदत वाढवून मुद्दलच वाढत जाईल अशी वेळ येऊ द्यायची नाही, हेही त्यात आहे. स्थिर दर बँकेच्या धोरणात असेल तर मागता येतो, पण सहसा महाग पडतो. आमच्या मते हप्ता जमेल तेवढा वाढवणं आणि बोनस आला की मुद्दलात भरणं हेच बरं. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जाला (व्यवसायासाठी नसलेल्या) मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही. पैसे भरताना मात्र ‘मुदत कमी करा’ असं लिहून द्या, नाहीतर कधीकधी ते नुसते आगाऊ हप्ते म्हणून जमा होतात.

नव्या ग्राहकाला त्याच बँकेत कमी स्प्रेड (मूळ दरावर बँक लावते ती भर) मिळत असेल तर आधी तिथेच दर बदलून मागा, त्याला बहुधा थोडं शुल्क पडतं. बँक बदलायची तर प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी द्यायची सूचना) हे सगळं पुन्हा आलं. कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर हा खटाटोप क्वचितच परवडतो, कारण व्याजाचा मोठा भाग तोवर भरून झालेला असतो.

ठेवी ठेवणाऱ्यांनी ‘सरकारी’ या शब्दाकडे नीट बघावं. फॅनी-फ्रेडीच्या रोख्यांवर अमेरिकी सरकारची हमी नाही असं छापलेलं असायचं, तरी बाजार ती आहेच असं धरून चालला. चीन-जपानपर्यंत हे रोखे पसरलेले असल्यानं सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला दोन्ही संस्था ताब्यात घ्याव्या लागल्या. रोखेधारक वाचले, भागधारक जवळपास धुऊन निघाले. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत विमा आहे. गृहवित्त कंपनीतल्या मुदत ठेवीला तो नाही. डीएचएफएल ही गृहवित्त कंपनी २०१९ मध्ये कोसळली तेव्हा मोठ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे परत मिळाले नाहीत. तिच्या कर्जदारांचे हप्ते मात्र चालूच राहिले. कर्ज देणारी संस्था बुडाली तरी कर्ज माफ होत नाही, तेव्हा हप्ता थांबवू नका, आणि मूळ कागदपत्रांची यादी संस्थेच्या सही-शिक्क्यानिशी आपल्याजवळ ठेवा.