टॉर्च, हातोडी आणि वही: जुन्या सोसायटीची महिन्याची फेरी कशी मारावी

२०१९ च्या जुलैत एका रात्री साडेदहाच्या सुमारास मी जिना चढत होते. मीटर रूमपाशी जळकट वास आला. दार उघडून टॉर्च मारला, तर मीटरांच्या वर स्लॅबला ताटाएवढी ओल. तिथून थेंब सुटत होता तो थेट मीटरच्या लाकडी फळीवर पडत होता आणि कटआउटच्या कडेने खाली उतरत होता. एक कटआउट (मीटरजवळचा फ्यूज) काळं पडलं होतं. मी आत हात घातला नाही. वॉचमनला दारापाशी उभं केलं आणि वीज कंपनीला फोन लावला. त्यांच्या माणसांनी येऊन बाहेरूनच पुरवठा तोडला. २८ घरं रात्रभर अंधारात बसली, पण सगळी सुखरूप होती.

मीटर रूमच्या बरोबर वर राहणाऱ्या वहिनींनी दोन महिन्यांपूर्वीच मला सांगितलं होतं, “ताई, नहाणीत पाणी जरा तुंबतंय हो.” मी “प्लंबर पाठवते” म्हटलं आणि कामाच्या गडबडीत राहून गेलं. तुंबलेली नहाणी आणि मीटर रूम यांचा संबंध तेव्हा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेची, १९९१ ची, चार मजली, लिफ्ट नसलेली. मी तिची सेक्रेटरी. त्या रात्रीनंतर मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला इमारतीची फेरी मारते. पाऊण तास लागतो. टॉर्च, लहान हातोडी, पेन्सिल आणि वही एवढंच सामान. सोबत कमिटीतलं एक माणूस न्यायचंच, कारण दोघांनी पाहिलेल्या गोष्टीवर मीटिंगमध्ये वाद होत नाही.

सुरुवात गच्चीपासून करा. पाणी वरून खाली येतं, तेव्हा आपणही तसंच उतरावं. रेनवॉटर पाइपच्या तोंडावरची जाळी बघा, तिथे पानं आणि पतंगाचा मांजा अडकलेला असतो. एक बादली पाणी ओतून ते किती वेळात जातं ते पाहा. घोटाळत राहिलं तर पाइप साफ करून घ्या, आणि हे काम मृग लागायच्या आत, मे महिन्यातच उरका. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक नीट बंद होतो का, ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीवरून ओघळतंय का, तेही बघा. ओघळत असेल तर भिंतीवर हिरवा पट्टा दिसतो. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, सांध्यात पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच मुळासकट निघतं. मोठं झालेलं ओढू नका, वीट घेऊन बाहेर येतं. ते कापून, मूळ मारून, फट भरून घ्यावी लागते. पॅरापेटवर कुंडी नको, एकही नको. गच्चीवर जुन्या लाद्या, रेती, पाण्याचे ड्रम साठवू देऊ नका. ५०० लिटरचा भरलेला ड्रम म्हणजे अर्धा टन वजन.

आता गळती. सोसायट्यांमधली निम्मी भांडणं इथली, कारण गळती नेमकी कुठून होते हे न शोधताच लोक एकमेकांना बोलायला लागतात. आधी फक्त वेळ लिहा. रात्रंदिवस सारखं ठिबकत असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर. वरच्या घराचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. सकाळपर्यंत ठिबकणं थांबलं किंवा कमी झालं, तर लाइनच गळतेय. वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर तासाभरात ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं) किंवा लादीखालचं वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची.

नहाणीचा संशय असेल तर आम्ही नीळ वापरतो, कपड्यांना लावायचीच. नहाणीचं तोंड फडकं कोंबून बंद करायचं, चार बोटं पाणी भरायचं, त्यात नीळ कालवायची आणि २४ तास ते पाणी तसंच ठेवायचं. खालच्या छताला निळसर झाक आली की बोलण्यासारखं काही उरत नाही. त्या वहिनींच्या घरी आम्ही हेच केलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मीटर रूममध्ये नेऊन छत दाखवलं. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अहो, माझ्या आंघोळीचं पाणी इथे येत होतं?” त्याच आठवड्यात त्यांनी लादी उकरून घेतली. नोटिशीने हे झालं नसतं असं मला वाटतं. माणसाला जागेवर नेऊन दाखवावं.

खर्च कोणाचा, हेही आधीच स्पष्ट असू द्या. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे) गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीच्या खर्चाने, तर संडास, नहाणी, सिंक यांची घरातली गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने काढायची असते.

फेरीत सगळ्यात जास्त वेळ मी छज्जे, बीम आणि कॉलमला देते. २०२१ च्या ऑक्टोबरात एका दुपारी तिसऱ्या मजल्याच्या छज्जाचा पाटाएवढा तुकडा खाली आला आणि उभ्या सायकलीचं पुढचं चाक चेपलं. मुलं तेव्हा खाली नव्हती म्हणून निभावलं. सायकल ज्याची, तो मुलगा तिसरीत होता. त्या छज्जावर तांबूस रेघ आहे असं माझ्याच वहीत चार महिने आधी लिहिलेलं होतं. लिहिलं, पण केलं काहीच नाही. म्हणून आता वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि करणाऱ्याचं नाव असतं.

ती तांबूस रेघ म्हणजे आतली सळई गंजल्याची खूण. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून फुगतं, चिरतं आणि शेवटी सुटतं. प्लास्टरची केसाएवढी वेडीवाकडी चीर आणि बीमच्या लांबीने सरळ धावणारी चीर यांत फरक करायला शिका. दुसरी धोक्याची. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका. भरीव जागा ‘टण’ वाजते, सुटलेली ‘डब’ वाजते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून शेजारी तारीख घाला. पुढच्या महिन्यात चीर खुणेपलीकडे गेली असेल तर इंजिनिअरला बोलवा. ‘डब’ वाजणाऱ्या छज्जाखाली त्याच दिवशी दोरी बांधून जाणं-येणं बंद करा, कोणाच्या परवानगीची वाट बघू नका.

दुरुस्तीच्या वेळी स्वतः उभं राहा. पोपडे काढून वरून सिमेंट थापायचं आणि रंग द्यायचा, ही दुरुस्ती नव्हे, आत गंज चालूच राहतो. सुटलेलं सगळं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लेप लावून मगच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरायचं असतं. कोणाच्या घरी नूतनीकरण निघालं की पहिल्या दिवशी जाऊन मिस्त्रीला बजावा की वायरिंग किंवा पाइपसाठी बीम-कॉलमला छिन्नी लावायची नाही. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. पैसे ऐनवेळी उभे राहत नाहीत, म्हणून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) न चुकता काढा. मेंटेनन्स कमी ठेवण्यासाठी ही रक्कम वगळणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. मला ते फार चुकीचं वाटतं.

जिना मोकळा हवा. आग लागली की जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो, आणि अंधारात पायाखाली चपलांचं कपाट आलं तर माणूस तिथेच पडतो. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा बंद फ्रिज तीन वर्षं लँडिंगवर होता. मी म्हटलं, “काका, काकूंना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर स्ट्रेचर इथून वळेल का?” त्यांनी स्वतः टेप आणून मोजलं. रविवारी भंगारवाला आला. जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावू देऊ नका, बाहेर पडायची वाट तीच असते. गच्चीच्या दाराला आतून कुलूप नको, कडी ठेवा. आणि ग्रिलमध्ये निदान एक उघडणारी खिडकी प्रत्येक घरात असावी.

पावडरच्या फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का ते दर फेरीत पाहा. अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी’ फॉर्म, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला, अग्निशमन दलाला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. गॅसच्या सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी ती बदला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आला तर बटणाला हात न लावता, म्हणजे दिवा लावायचाही नाही आणि विझवायचाही नाही, रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

शेवटी मीटर रूम. तिथे झाडू, रंगाचे डबे, गणपतीची मखरं काहीही ठेवायचं नाही. छत कोरडं आहे का, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा. पायाखाली रबरी मॅट आणि दाराबाहेर पावडरचा किंवा सीओटूचा एक्स्टिंग्विशर ठेवा, पाणी कधीच मारू नका. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगा. एसी घेणाऱ्याला आधी मीटरपासून घरापर्यंतची वायर वायरमनला दाखवायला लावा, आमच्याकडे ती अजून १९९१ चीच होती.

मीटर रूमच्या दारावर आम्ही रंगाने मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलेत: अग्निशमन १०१, आपत्कालीन ११२, गॅस १९०६, त्याखाली वीज कंपनी, प्लंबर आणि वायरमन. वॉचमन बदलला की पहिल्या रात्री त्याला तिथे नेऊन ते वाचून घेते आणि वीज कंपनीला एकदा माझ्यासमोर फोन लावायला सांगते.