चिनी अक्षरं लिहिताय? आधी स्ट्रोकचा क्रम पक्का करा

बरेच जण चिनी अक्षर समोर ठेवून चित्रासारखं काढत बसतात, कुठूनही सुरुवात करायची आणि शेवटी साधारण तसंच दिसलं की खूश. प्लीज असं करू नका. तीन-चार स्ट्रोकची (स्ट्रोक म्हणजे पेन न उचलता ओढलेली एक रेघ) अक्षरं तशी निघतातही, पण पुढे बारा-पंधरा स्ट्रोकची यायला लागली की हात अडतो, अक्षर एका बाजूला कलतं, आणि भरभर लिहिताना तर काय लिहिलंय ते चिनी माणसालाही वाचता येत नाही.

आधी चौकटीची वही घ्या, गणिताची चालेल. चार चौकोन मिळून एक अक्षर, म्हणजे मधली उभी-आडवी रेघ आपोआप मिळते आणि बॅलन्स कळतो. चीनमधली शाळकरी मुलंही अशाच चार भागांच्या चौकटीत गिरवतात.

आता क्रम. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, हे बेसिक. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी. दहा आकड्याचं 'शऽ' अगदी अधिकच्या चिन्हासारखं आहे, त्यात आडवी पहिली. आपल्याला शिरोरेषा शेवटी द्यायची सवय असते त्यामुळे वरची आडवी रेघ मागे ठेवावीशी वाटते, तिथे लक्ष ठेवा. मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना काहीतरी असेल, जसं 'श्याओ' म्हणजे लहान किंवा 'श्वे' म्हणजे पाणी, तर मधलं आधी, मग डावं, मग उजवं.

चौकोनावर मात्र नीट वेळ घालवा, कारण तो सतत भेटणार. तोंड या अर्थाचं 'खौ' दिसतं चौकोन, पण स्ट्रोक चार नाहीत, तीन आहेत: डावी उभी, मग वरची आडवी आणि पेन न उचलता तशीच वळून उजवी उभी, शेवटी खालची. आता देश या अर्थाचं 'गुओ' घ्या. डावी बाजू, मग वर-उजवी एकत्र, हे झाले दोन. मग आतलं: आडवी, आडवी, उभी, आडवी आणि ठिपका. आणि सगळ्यात शेवटी खालची रेघ ओढून चौकोन बंद, एकूण आठ. आत सगळं भरल्याशिवाय दार लावायचं नाही, एवढं लक्षात राहिलं तरी खूप अक्षरं सुटतात. मार्ग या अर्थाच्या 'ताओ'सारख्या अक्षरात डावीकडून खाली पसरणारा भाग असतो ना, तोही शेवटी येतो, जरी डावीकडे असला तरी.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर तो चिनीचा आहे की जपानीचा ते आधी बघा!! राजा या अर्थाचं 'वांग' दोन्हीकडे दिसायला तेच, पण चीनमध्ये आडवी, आडवी, उभी, आडवी आणि जपानमध्ये दुसराच स्ट्रोक उभा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त मिसळू नका. चीनमध्ये सरकारी नियमच आहे याचा, सध्याचा १ मार्च २०२१ पासून लागू झाला आणि त्यात ८१०५ अक्षरांचा क्रम दिलाय, त्यामुळे कुठे शंका आली तर तोच धरून चाला.

हात थोडा बसला की 'योंग' म्हणजे कायमचं, हे अक्षर रोज लिहा, त्यात आठही मूलभूत स्ट्रोक येतात, कॅलिग्राफीवाले शेकडो वर्षं त्याच्यावरच हात घासतायत. एका पानावर शंभरदा तेच गिरवण्यापेक्षा पाच-सहा वेळा सावकाश लिहा आणि दुसऱ्या दिवशी न बघता लिहून बघा, माझ्या मते तेच जास्त टिकतं.

आणि क्रम बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर फोनमध्ये चिनीचा स्ट्रोकवाला कीबोर्ड टाका, आडवी, उभी, डावीकडे उतरती, ठिपका आणि वळणारी अशा पाचच कीज असतात, क्रमाने दाबत गेलात की अक्षर वर येतं आणि क्रम चुकला की भलतंच काहीतरी येतं.